चिपट्यात पायली

शेजारची दुसरीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे येते. परवा तिला आकडे सांगत होते. ‘बावन्न’ म्हटलं, तिनं २५ लिहिलं. ‘एकोणऐंशी’ म्हटल्यावर ती थांबली, पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं आणि ८९ लिहून माझ्याकडे पाहिलं. मोजता तिला येतं. आदल्याच दिवशी तिनं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून बिनचूक मोजून दिले होते. अडचण होती ती कान आणि हात यांच्या मधल्या जागेत. ‘बावन्न’मधला ‘बा’ आधी कानावर पडतो, तो दोन. तो धरून ठेवायचा. मग ‘वन्न’ म्हणजे पन्नास हे ओळखायचं, हातानं आधी पाच काढायचा आणि तोवर जपलेला दोन शेवटी खाली ठेवायचा. एकोणऐंशीत तर ऐंशी धरायचे, त्यातून एक काढायचा, उरलेल्याचे दशक-एकक करायचे, मग लिहायला घ्यायचं. सात वर्षांच्या डोक्यात एका शब्दामागे एवढी धराधरी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ या धर्तीचं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. विषय विधिमंडळात गेला, टिंगल झाली, मराठी बुडाली असंही म्हणून झालं. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे हे शब्द लहान मुलांना जड जातात. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक मागाहून बोलतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अभ्यासात संख्यालेखनाच्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. ‘बावन्न’ हा शब्द मलाही प्रिय आहे, तो जाऊ नये असंच वाटतं. पण नारळीकरांचं निदान मला पटतं. मुलीची बुद्धी कमी पडत नव्हती, तिच्या ओंजळीत एकाच वेळी फार जिन्नस टाकले गेले होते.

मोठ्यांचंही याहून वेगळं नसतं. डोकं भणभणतं, काही सुचत नाही, चित्त थाऱ्यावर नाही, असं म्हणतो तेव्हा नेमकं काय होत असतं, आणि मनाला वळण लावून त्यावर काही इलाज होतो का, हा प्रश्न जुना आहे. गेल्या सत्तर वर्षांत त्यावर पुष्कळ प्रयोग झाले. काही निष्कर्ष टिकले, काही गाजलेले पडले. ते एकदा मांडून पाहावेत, कारण स्वच्छ विचारांच्या नावानं सध्या जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पडलेल्यांपैकी आहे.

आधी मापाचं पाहू. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लिहिलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. आकडा जगभर गाजला. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी दाखवलं की ही जागा नुसती साठवणीची नाही, आपण विचार करतो तो इथंच, म्हणून तिला कार्यस्मृती म्हणायचं. २००१ साली नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला. मनातल्या मनात घोकण्याची आणि गट पाडण्याची सोय काढून घेतली, तर हाताशी उरतात फक्त चारच्या आसपास.

आपल्याकडे धान्याची मापं होती: चिपटं, मापटं, शेर, पायली. आयुष्यभर शिकलेलं सगळं आपल्याजवळ कणगी भरून असतं. पण विचारासाठी ते काढायचं तर हातात चिपटंच असतं. डोकं भरून आलं असं वाटतं तेव्हा कणगी भरलेली नसते, तिला पुष्कळ जागा असते. ओसंडत असतं ते चिपटं.

ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरून शिकवण्याचा सिद्धांत बांधला. विषयाचं स्वतःचं एक काठिण्य असतं, ते टळत नाही. पण मांडणी वाईट असली की त्यावर आणखी ओझं चढतं, आणि ते टाळता येतं. नवख्या विद्यार्थ्यांना थेट गणितं सोडवायला लावण्याऐवजी आधी पायरी-पायरीनं सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर ते लवकर शिकतात. (हेच तयार विद्यार्थ्याला दिलं तर तो उलट मागे पडतो, हेही पुढं दिसलं.) हे दुसरं, टाळता येणारं ओझं ओळखायला शिकलं की ते जागोजागी दिसू लागतं. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन वारंवार बिघडत होते आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होतं. गावातलं कुठलं मूल किती वजनाचं आहे हे जिला तोंडपाठ, ती बाई परक्या भाषेतल्या रकान्यांपुढे अडखळत बसली. तिला मनःशांतीचे धडे देण्याचा इथे काय उपयोग होता? तिला मराठी हवं होतं आणि चालणारा फोन हवा होता.

मग चिपटं मोठं करता येईल का? इथे एक प्रयोग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याला आकडे ऐकवून ते क्रमानं परत म्हणायला लावत. सुरुवातीला तो चारचौघांसारखाच, सात आकडे म्हणायचा. दीड-एक वर्षात दोनशेहून अधिक तास सराव झाल्यावर तो ७९ आकडे म्हणू लागला. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी १९८० साली हे प्रसिद्ध केलं. मग एक दिवस त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. तो थेट सहावर आला. म्हणजे माप होतं तेवढंच राहिलं होतं. हा मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता, आणि ऐकलेले आकडे तो शर्यतींच्या वेळा म्हणून बांधत होता: तीन-चार आकड्यांची एक वेळ, अशा वेळांचा एक गठ्ठा, गठ्ठ्यांचा आणखी मोठा गठ्ठा. चिपट्यात तो सुटे दाणे टाकत नव्हता, पुड्या टाकत होता, आणि पुड्या बांधायचा दोरा त्याच्या धावण्याच्या आयुष्यातून आला होता.

शकुंतला देवींची गोष्ट याच जातीची. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी सांगितला. पुढे आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञानं त्यांना तपासलं. साध्या चाचण्यांत, म्हणजे दिवा लागला की बटण दाबा यासारख्या कामांत, त्यांचा वेग सर्वसामान्य निघाला. मला हा निकाल त्या २८ सेकंदांइतकाच मोलाचा वाटतो. संख्यांचं जग त्यांच्या इतकं ओळखीचं होतं की जिथे आपल्याला आठ सुटे आकडे दिसतात, तिथे त्यांना एक चेहरा दिसत असणार.

हाच न्याय आपल्या पाढ्यांना लावून पाहावा. पूर्वीच्या शाळांत तीसपर्यंत पाढे तर असतच, वर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. या घोकंपट्टीवर नंतर फार टीका झाली, आणि मारून-मुटकून पाठ करून घेण्यावर ती व्हायलाच हवी होती. पण ज्याला दिडकी येते तो दीड रुपया दरानं अठरा नगांचे सत्तावीस रुपये असं नुसतं ‘ऐकतो’, त्यासाठी चिपट्यातली जागा त्याला लागत नाही. ती जागा मग हिशेबात खोट कुठे आहे ते पाहायला मोकळी राहते. पाठांतर आणि विचार यांना आपण एकमेकांचे वैरी समजत आलो, ही मला मोठी चूक वाटते. समजून केलेलं पाठांतर विचाराला जागा करून देतं.

उलट, नुसती कसरत करून मनाची ताकद सर्वत्र वाढेल ही आशा फोल ठरली आहे. २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. जो खेळ खेळले त्यात ते तरबेज झाले, बाकी कशातही फरक पडला नाही. हे खेळ विकणाऱ्या लुमॉसिटी या अमेरिकी कंपनीनं फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ साली तिथल्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडे ‘मुलाची स्मरणशक्ती दुप्पट’ अशा वर्गांच्या पाट्या अजून लागतात. पैसे भरण्याआधी पालकांनी त्या धावपटू विद्यार्थ्याची अक्षरं आठवावीत. अशी कसरत साधलेल्यानं ती सोडून दिल्याचंही उदाहरण आहे. जैन साधक श्रीमद् राजचंद्र तरुणपणी मुंबईत शतावधानाचे प्रयोग करत, शंभर गोष्टींवर एकाच बैठकीत अवधान ठेवून दाखवत. पुढे त्यांनी हे प्रयोग सोडून दिले, आत्मसाधनेच्या वाटेत ते आडवे येतात म्हणून.

माप वाढत नाही, तर दुसरा मार्ग उरतो तो भरलेलं बाहेर काढून ठेवण्याचा. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची. दोन कामं असली तर दोन गाठी. दुपारी पदर खोचताना गाठ हाताला लागली की ती थबके, ‘हां, विरजण’ म्हणे आणि गाठ सोडी. त्या गाठीत विरजण लिहिलेलं नसे. काहीतरी राहिलंय एवढंच गाठ सांगायची, आणि तेवढं पुरायचं. दिवसभर ‘विरजण, विरजण’ घोकत राहण्यातून तिचं मन सुटलेलं असायचं.

अपुरं राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, हे ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये मांडलं. त्यांचा मूळ निष्कर्ष, अपुरी कामं अधिक लक्षात राहतात हा, नंतरच्या प्रयोगांत दर वेळी आला नाही. पण टोचणीची बाजू पुढे २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत दिसली, आणि तिच्यावरचा उताराही. लोकांच्या मनात एखादं राहिलेलं काम जागं करून मग वाचायला बसवलं, तर ते काम वाचनात मधे-मधे येत राहतं. ते केव्हा, कुठे आणि कसं करणार हे नेमकं ठरवायला लावलं की येणं थांबतं. काम झालेलं नसतं, नुसतं ठरलेलं असतं, तरी मन सोडून देतं. अमेरिकेतल्या आणखी एका लहान प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिली, ते आज झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जेवढी तपशीलवार, तेवढी झोप लवकर. लग्न ठरलं की आपल्याकडे आधी याद्यांची बैठक बसते. मानपान, देणं-घेणं यांपायी त्या बैठकीचं पुष्कळ वाटोळं झालं, पण दोन घरांच्या डोक्यातला गोंधळ एका कागदावर आणायची ती रीत मुळात शहाणपणाची आहे.

शेजारच्या त्या मुलीनंही स्वतःची एक गाठ शोधली आहे. हल्ली ती ‘बावन्न’ ऐकलं की आधी उजवीकडे २ लिहिते, डावीकडे जागा मोकळी सोडते आणि मग ५ भरते. तिच्या बाईंना ही रीत पसंत नाही, आकडा डावीकडून उजवीकडेच लिहायचा म्हणतात. मला तर त्यात तिची हुशारी दिसते. कानावर पडलेला दोन धरून न ठेवता तिनं तो तिथल्या तिथे कागदावर उतरवला.

जिथे चुकीची किंमत जीव असते, तिथे हे उतरवणं नियमात आलं आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं नवं लष्करी विमान उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक अनुभवी होता, पण शेपटीची हलती पाती अडकवून ठेवणारा खटका सोडायचा राहिला होता. त्यातून वैमानिकांच्या तपासणी याद्या आल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेसाठीच्या १९ कलमी यादीचा अहवाल निघाला. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. मात्र कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना यादी सक्तीची केली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. नुसत्या खुणा करण्यासाठी भरलेली यादी हेच एक नवं ओझं होतं. उतरवणं कागदावरच हवं असंही नाही. रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल दिसताच मोठ्यानं पुकारतात. एकानं म्हटलेलं दुसरा पुन्हा म्हणतो. जपानमध्ये त्याला बोट दाखवण्याची जोड असते. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत बोट दाखवून पुकारल्यानं साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. एकट्याच्या मनात अंधुक राहिली असती ती गोष्ट तोंडातून, कानातून आणि हातातून जाते आणि पक्की होते.

आता फोनचं. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आवरते. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क गेली वीसहून अधिक वर्षं लोकांचं संगणकावरचं लक्ष घड्याळ लावून मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडे ४७ सेकंद. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की पहिल्याचा गाळ मनात उरतो आणि दुसरं काम त्या गढूळ पाण्यातच होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. यावर त्यांनीच पुढे तपासलेला उपाय साधा आहे: उठावंच लागलं तर कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिलं काय करायचं हे दोन ओळींत लिहून मग उठावं. पुस्तकात खूण घालतो तसंच हे.

ध्यानाबद्दल सावधपणे लिहायला हवं, कारण तो आपला वारसा आहे आणि आपल्या इथेच योगाचा प्रयोगशाळेतला अभ्यास सुरू झाला. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांची शास्त्रीय मोजमापं घेऊन ती ‘योगमीमांसा’त छापायला लागले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची मौन शिबिरं चालतात. मी लोकांना तिथून निवळून परतलेलं पाहिलं आहे. आता पुराव्याकडे पाहू. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोक यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक पण खरा उपयोग दिसला. एकाग्रता वाढते याला त्यात भक्कम आधार मिळाला नाही, आणि व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरलं असंही नाही. माझं मत असं की ध्यान चिपटं रुंद करत नाही. आत काय पडलंय ते पाहायला आणि नको ते खाली ठेवायला शिकवतं, आणि तेवढ्यासाठी ते करावं.

इच्छाशक्ती स्नायूसारखी थकते, म्हणून ती राखून वापरा, हा उपदेश मात्र आता थांबायला हवा. १९९८ च्या ज्या प्रयोगांवर तो उभा होता, त्यांतली कल्पना २०१६ साली दोन हजारांहून अधिक लोकांवर, २३ प्रयोगशाळांत पुन्हा तपासली गेली आणि परिणाम जवळजवळ शून्य आला.

झोपेचा पुरावा याच्या अगदी उलट, वर्षागणिक भक्कम होत गेलेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली लोकांना सलग चौदा दिवस सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांच्या लक्षाची अवस्था दोनेक रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. आणि त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं! आम्हाला सवय झालीय, असं त्यांना वाटत होतं. रात्री बारापर्यंत जागून पाचला उठणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांच्या घरात हा एक परिच्छेद मोठ्यानं वाचला जावा असं मला फार वाटतं. चेन्नईतल्या एका अभ्यासानं याला आणखी एक पदर जोडला. गरीब वस्त्यांतले ४५२ लोक, रात्रीची झोप जेमतेम साडेपाच तास. त्यांना कानात घालायचे बोळे, डोळ्यांवर पट्टी, पंखा दिला, सल्ला दिला. झोप २७ मिनिटांनी वाढली, पण कामात फरक पडला नाही, कारण आवाज, उकाडा, डास यांत ती तुकड्या-तुकड्यांचीच राहिली असावी. पण कामाच्या ठिकाणी दुपारी शांत जागी अर्धा तास वामकुक्षी मिळाली, तेव्हा कामही सुधारलं आणि मनही.

हा चेन्नईचा अभ्यास मला पुढच्या आणि सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे नेतो. स्वच्छ विचारांची पुस्तकं गृहीत धरतात की ओझं तुमच्या सवयींचं आहे आणि सवयी तुमच्या हातात आहेत. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना त्याच चाचण्या दोनदा दिल्या, एकदा तोडणीआधी आणि एकदा तोडणी होऊन पैसे हातात आल्यावर. २०१३ साली हे ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. तोडणीआधी, दागिने गहाण आणि देणी डोक्यावर असताना, तेच शेतकरी स्पष्टपणे कमी गुण मिळवत. माणूस तोच, महिन्यांचा फरक. या निष्कर्षांच्या आकडेमोडीवर आक्षेप आले आणि ते ध्यानात ठेवायला हवेत. पण कोल्हापूर-सांगलीकडे ज्यानं कारखान्याच्या बिलाची वाट पाहणारं घर आतून पाहिलं आहे, त्याला ती अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. सोसायटीचं कर्ज, मुलीची फी, खताची उधारी, तोडीची टोळी कधी येणार. चार जिन्नस झाले. चिपटं भरलं. त्यानंतर त्या माणसाला कुणी पीकविम्याचा अर्ज पुढे केला आणि त्यानं तो न वाचता सही केली, तर आपण त्याला अडाणी म्हणतो.

ओडिशातल्या पत्रावळी टाचणाऱ्या मजुरांवर नंतर झालेला प्रयोग याच वाटेनं पुढे गेला. हंगाम नसलेले, तंगीचे दिवस होते. मजुरी नगावर होती आणि शेवटी एकदम मिळायची. संशोधकांनी काहींना कमावलेल्यातली मोठी रक्कम काही दिवस आधी हातात दिली. दर वाढवला नाही, एकूण पैसे तेवढेच. लोकांनी त्यातून लगेच देणी फेडली, घरात तांदूळ-तेल आणलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे हात भरभर चालू लागले, आणि ज्यांची तंगी जास्त होती त्यांचे सर्वांत जास्त. पत्रावळीही नीट होऊ लागल्या. पानं कमी वाया जात होती, टाके कमी लागत होते, आणि एकाच जागी दोनदा भोसकलेली भोकं कमी झाली होती.